शेवटच्या काचऱ्या

भिंतीवर काचऱ्या टांगलेल्या बघून मला आधी हसूच आलं. वरून दिव्याचा झोत, बाजूला भूमी, स्मृती, सीमा अशा अर्थाच्या जड इंग्रजी शब्दांची पाटी, आणि मध्ये आपल्या साध्या काचऱ्या. जुन्या गोधड्या एकमेकींना जोडून केलेलं भलंमोठं कापड होतं. त्यावर शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या ओळी धरून वाळवलेल्या भाज्या टाचल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच शेंगा आणि फळं मला अनोळखी होती, पण त्या गोल, सुरकुतलेल्या चकत्या मी कुठेही ओळखल्या असत्या. मी वास घ्यायला नाक जवळ नेलं आणि नाकामागून हातही गेला.

“आंटी, कॅनॉट टच ला!” दाराशी बसलेल्या सिक्युरिटीच्या बाई ओरडल्या.

रविवारी मी अशा प्रदर्शनांना जाते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, एकटी बाई टेबल अडवून बसली की ट्रे घेऊन उभे असलेले लोक तिच्या घासाघासाकडे बघत राहतात. प्रदर्शनात एकटं असणं शोभून दिसतं. बाकी आठवडाभर नोव्हेनाच्या लॅबमध्ये माणसं असतात आणि क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये मी असते. मला एकटेपणाचा कंटाळा येत नाही असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे.

आमच्याकडे बालाघाटाच्या कोरडवाहू रानात बाजरीच्या पिकात शेंदाडाचे, म्हणजे रानकाकडीसारख्या छोट्या फळाचे, वेल आपोआप यायचे. कुणी पेरायचं नाही, कुणी पाणी घालायचं नाही. आई ओटीत शेंदाडं भरून आणायची, विळीवर त्यांच्या चकत्या करायची, मीठ चोळून पत्र्यावर वाळत घालायची. झाल्या काचऱ्या. तेलात तळून वर तिखट भुरभुरलं की भाकरीबरोबर दुसरं काही लागायचं नाही. मी नोकरीसाठी इथे परदेशात आल्यापासून गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर तिची पिशवी यायचीच. मग फोनवर ठरलेला प्रश्न, “संपल्या का गं काचऱ्या?”

“नाही गं, आहेत अजून. पुरवून खाते,” मी म्हणायचे. “बरं,” म्हणून ती दुसरं काहीतरी विचारायची.

आई गेली त्याला वर्ष होत आलंय. तिच्या हातची शेवटची पिशवी माझ्या फ्रीझरमध्ये होती, मटारच्या मागे. नवीन कुठून येणार? भावाने शेतात सोयाबीन लावलंय, आणि तणनाशक मारायला लागल्यापासून शेंदाड औषधालाही सापडत नाही म्हणतो. त्यामुळे ती पिशवी उघडायचा मला धीर होत नव्हता. उघडली की तिच्या हातचं खाणं या जगातून संपणार होतं.

ते कापड करणाऱ्या बाई तिथेच जमिनीवर सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. थारच्या वाळवंटातल्या, अगदी सरहद्दीलगतच्या गावच्या. मी माझ्या मोडक्या हिंदीत सुरुवात केली आणि त्यांनी लगेच बसायला जागा करून दिली. इतक्या दिवसांत मला कुणी सरकून जागा दिली नव्हती, म्हणून मी बसलेच. कापडाच्या मधोमध सरहद्दीवर असते तशी खरीखुरी काटेरी तार शिवलेली होती. तारेच्या अलीकडे जी काचरी होती तीच पलीकडेही होती.

“उधर मेरी नानी की बहन का घर था,” त्या म्हणाल्या. “वहाँ भी यही सुखाते हैं. देखा नहीं, सुना है.”

मग मीही फ्रीझरमधल्या पिशवीचं सांगून टाकलं. त्यांचे डोळे चमकले. “एक मुट्ठी ले आइए. इसमें टाँक दूँगी. बरसों रहेगी.”

“भिंतीवर टांगायला नाही केल्या माझ्या आईने,” मी फटकन मराठीतच म्हणाले. माझा स्वभाव असाच, पटकन तोंड सुटतं. शब्द नाही तरी सूर त्यांना कळला असणार. त्या सुईत दोरा ओवत राहिल्या.

घरी येताना एमआरटीच्या गाडीत मला भलतीच कल्पना सुचली. काचऱ्यांमध्ये बिया असतातच की! दोन-चार चकत्यांतल्या बिया काढून लावल्या तर वेल येईल, वेलाला शेंदाडं येतील, मग काही संपायलाच नको. मी पिशवी उघडली, चिमट्याने बिया सोडवल्या, मीठ जावं म्हणून धुतल्या, भिजवल्या आणि फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कुंडीत लावल्या. रोज लॅबमधून आले की चपला काढायच्या आधी कुंडीत डोकावायचे. कुणीतरी घरी वाट बघतंय असं वाटायचं. माती ओली, ऊन भरपूर, आणि वर काही येईना. शेवटी दोन आठवड्यांनी मी बोटाने उकरून पाहिलं. बिया कुजल्या होत्या. मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा त्या बाईंकडे गेले. आधी त्या दिवसाच्या बोलण्याची माफी मागितली, मग कुंडीची हकिकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “माँ ने कच्चे काटे थे या पके हुए?”

आणि मला आई दिसली. शेंदाड हातात घेऊन त्यावर नख रुतवून बघणारी. नख सहज रुतलं तर ओटीत, नाही तर वेलावरच राहू द्यायची. “हे बियाला,” म्हणायची. पिकलेलं रानातच फुटायचं आणि पुढच्या वर्षी वेल तिथूनच यायचा. काचऱ्यांना कोवळंच लागतं, आणि कोवळ्यातलं बी उगवत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

“कच्चे,” मी म्हणाले.

“तो खाने के लिए ही काटे थे,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी तिथून थेट घरी आले. लिटल इंडियातून आणलेलं बाजरीचं पीठ होतं, त्याच्या भाकऱ्या केल्या. त्यांना चिरा गेल्या, पण भाकऱ्या झाल्या. कढईत तेल तापवलं आणि सगळ्या काचऱ्या तळल्या. फ्रीझरचा बर्फ लागलेल्या तडतडून उडाल्या, मनगटावर दोन चटके बसले. वरून तिखट टाकलं, ताट घेऊन ओट्याशी उभ्यानेच खायला लागले. चव तशीच होती, जरा कडसर, जरा आंबट. पिशवीतला चुरासुद्धा मी बोट फिरवून खाल्ला.

खाता खाताच मला तिचा तो प्रश्न कळला. काटकसरीने खा, असं ती सुचवते आहे असं मी समजत आले होते. ती तर पुढची पिशवी भरून ठेवून, संपल्याची वाट बघत असायची.

“संपल्या गं आई,” मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले. मग थोडा वेळ, ती “पाठवते” म्हणेल म्हणून, तशीच उभी राहिले.