मावशीचं मनोगत

मी हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. दाखवायला जे लिहिलं, त्यानेच हे सगळं झालं.

महाल भागात एका भांड्यांच्या दुकानावर मोठा हॉल आहे. तिथे एक संस्था चित्रकारांसाठी काम करते. चित्रकार म्हणजे कॉलेजात शिकलेले नव्हेत. कोणी पंक्चरच्या दुकानात बसून काढतं, कोणी चार घरची धुणीभांडी करून आल्यावर. अशा बाराजणांना वर्षभर एकेक मार्गदर्शक मिळतो, कागद आणि रंग मिळतात, आणि शेवटी त्यांची चित्रं भिंतीवर लागतात. मी तिथे आधी झाडपूस आणि चहा करायची. बाया मार्गदर्शक सरांशी बोलायला लाजायच्या, माझ्याशी बोलायच्या. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाचा कागद भिजला, हे मला आधी कळायचं. संस्था चालवणाऱ्या मॅडमच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मला समन्वयक केलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. सगळ्यांना फोन करायचे, चित्रं दुमडू न देता ठेवायची, आणि सर जे बोलतात ते साध्या शब्दांत सांगायचं, हे माझं काम. ते मला जमत होतं.

कन्हानची एक मावशी होती, साठीला आलेली. ती साध्या बॉलपेनने चित्रं काढते. रेशनच्या रांगेतल्या बाया, नळावरच्या बाया, विहारात बसलेल्या बाया. सगळ्या पाठमोऱ्या. पदराची घडी न् घडी दिसते, अंबाड्यातली पिन दिसते, चेहरा एकीचाही नाही. मी एकदा विचारलं, "मावशी, तोंड काहून नाही काढत?"

"तोंड काढलं का ते माह्याकडे पाहून राहते. मंग गोष्टी सुरू होतात, काम राहून जाते."

दर शनिवारी तिला तिचा नवरा घेऊन यायचा. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. मी त्यांना मावसाजी म्हणायची, ते मला पोरी म्हणायचे. चित्रं दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून ते स्वतः बांधून आणायचे. मावशीला सहीपुरतंच लिहिता येतं, म्हणून सरांनी सांगितलेलं ते खिशातल्या डायरीत उतरवून घ्यायचे. "मी हिचा ड्रायव्हर," म्हणायचे. "गाडी नाही, तरी ड्रायव्हर." वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वंदना तेच घ्यायचे. पंचशील आधी ते म्हणणार, बाकीचे त्यांच्या मागून. पाचवं शील दारू न पिण्याचं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

प्रदर्शनात प्रत्येकाच्या चित्रांशेजारी अर्ध्या पानाचं मनोगत लागणार होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी ऐकून लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं आणि मग सही घ्यायची, असा नियम होता. तिघं तसे होते. दोघांचं नियमाने झालं. मग मी कन्हानला गेले. मावशी तुरीच्या शेंगा सोलत होती.

"काय सांगू वं? मले चित्र काढाले आवडते. लिही."

"अजून?"

"अजून काय? आवडत नसतं तं काढली असती काय?"

"मावशी, अर्धं पान पाहिजे."

"मंग अक्षर मोठं काढ."

मावसाजी पलंगावर पेपर वाचत होते. ते पेपरामागे हसले.

घरी येऊन मी त्या एका ओळीकडे पाहत बसले. एवढंच नेऊन दिलं तर मॅडम म्हणतील, चौथी शिकलेलीला हे काम द्यायलाच नको होतं. त्या तसं म्हणाल्या नसत्या, पण मला तसंच वाटलं. आधीच्या वर्षी चहाचा ट्रे फिरवताना मी पाहिलं होतं, ज्या मनोगतात दुःख असतं त्याच्यापुढे लोक जास्त वेळ उभे राहतात.

मग मी लिहिलं. नवरा पिऊन येतो. मी काढलेली चित्रं त्याने चुलीत घातली. म्हणून मी कागद तांदळाच्या कोठीत लपवते, अगदी तळाशी. हात ओला असला की कागदाला तांदूळ चिकटून येतात.

लिहिताना मी एकदाही थांबले नाही. मला वाटलं, आपल्याला लिहिणं जमायला लागलं. ते सगळं माझ्या घरचं होतं. लग्नानंतर दोन-तीन वर्षं मी कागदावर पाखरं काढायची, नंतर सोडून दिलं. माझा माणूस जाऊन आता खूप वर्षं झाली. त्याच्याबद्दल मी सख्ख्या बहिणीजवळही बोलले नव्हते. माझ्या नावाने मला त्यातली एक ओळ लिहिता आली नसती. मावशीच्या नावाने अर्धं पान कमी पडलं.

शनिवारी मावशी आली तेव्हा मी कागद पुढे केला. मावसाजी खाली पान खात होते. वाचून दाखवायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मोठ्या अक्षरात लिहिलं नं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने सही केली.

मॅडमनी वाचलं आणि डोळे पुसले. मावशीचे मार्गदर्शक असलेले सर चित्रांकडे पुन्हा पाहायला लागले. "आता कळलं," ते म्हणाले, "या मार खाल्लेल्या पाठी आहेत." वर्षभर ते तिच्याशी रेघेबद्दल बोलत होते, शाई कुठे दाबायची, कुठे सोडायची. त्या दिवसापासून रेघ मागे पडली. तेव्हा मी बोलू शकले असते. मी कप उचलले आणि धुवायला गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी कन्हानहून मावशीच्या शेजारची तीन घरं गाडी करून आली. मावसाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते मावशीच्या चित्रांसमोर गेले, चष्मा लावला आणि बोर्ड वाचला. मग परत वरून सुरू केलं.

"काय लिहिलं जी?" मावशीने विचारलं.

"चित्राबद्दल लिहिलं."

"चांगलं?"

"हो. चांगलं आहे."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. मावसाजी काही बोलणार नाहीत, हे मला कळलं होतं.

मग मॅडमनी माइक घेतला आणि तेच मनोगत वाचलं. आपलं नाव ऐकून मावशी आधी हसली. "नवरा पिऊन येतो" हे वाक्य आलं तसं तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे मात्र मावसाजींना शोधायला लागले. कन्हानच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातला एक माणूस हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "काय गा, विहारातून थेट भट्टीवर काय?" दोघंतिघं हसले. मावसाजी जिन्याने खाली उतरून गेले.

समन्वयक म्हणून मला पुढे खुर्ची ठेवली होती. मी मागे ट्रे धरून उभी होते. मावशी माझ्याजवळ आली.

"हे मी सांगतलं तुले?"

"नाही."

"मंग कोणाचं आहे?"

मी ट्रेमधले कप सरळ करायला लागले. तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं आणि ओळखलं.

"तुह्या माणसाची दारू माह्या माणसाच्या तोंडाले काहून लावली वं?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मीही मावशींना विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. बोर्ड काढला. सरांनी मावसाजींना फोन करून माफी मागितली. ते "ठीक आहे जी" म्हणाले. पण चार दिवसांनी मावशीचा फोन आला. मावसाजी विहारात मागे बसायला लागले होते. पुढे बोलावलं तर घसा बसला म्हणायचे. दारूचं शील म्हणताना लोक तोंडाकडे पाहतात, असं त्यांनी मावशीला सांगितलं होतं.

"मी काय करू, मावशी?"

"तीन घरच्यायनं ऐकलं. तीन घरी ये अन् सांग."

"मॅडमना घेऊन येते."

"मॅडमनं लिहिलं काय?"

दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर मी ती परत करायला जात नाही, घरी वापरून टाकते. अशी मी. कन्हानला मी एकटीच उतरले. मावशी माझ्यासोबत प्रत्येक घरी आली, पण सांगायचं मलाच होतं. पहिल्या दारात घरातल्या बाईला वाटलं, मी काही विकायला आले.

"मनोगतातलं ते मावशीच्या घरचं नव्हतं," मी म्हटलं.

"मंग कोणाचं होतं?"

"माझ्या घरचं. माझा माणूस प्यायचा. मी खोटं लिहिलं."

दुसऱ्या घरी तेच सांगितलं. वाटलं होतं, एकदा बोलल्यावर सोपं जाईल. गेलं नाही. तिसरं घर त्या हसणाऱ्या माणसाचं. तो "आम्ही तं गंमत केली" म्हणत आत गेला. त्याच्या बायकोने मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "बाई, सोसलं तू अन् नाव त्यायचं खराब केलं. हे कसं?"

मी चप्पल घालून बाहेर आले.

परतताना मावशीच्या अंगणात मावसाजी होते. मी हात जोडले. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली. "बसा," म्हणाले. "पाणी घ्या. उन्हाच्या आल्या तुम्ही." मला त्यांनी याआधी कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी पाणी प्याले आणि बसस्टॉपवर आले.

पुढे ते पुन्हा वंदना घ्यायला लागले, असं मावशीने सांगितलं. मॅडमनी तिला आणखी एक वर्ष दिलं; ती शनिवारी येते, एकटीच, सिटी बसने. सरांना तिने स्पष्ट सांगितलं की पाठीबद्दल नाही, शाईबद्दल बोला. सर बोलतात. सरांचं सांगणं आता मीच तिच्या वहीत लिहून देते आणि तिथल्या तिथे तिला वाचून दाखवते. मावसाजी का येत नाहीत विचारलं तर म्हणते, गुडघे दुखतात. निघताना दर वेळी एवढं म्हणते, "त्यायनं विचारलं तुले."

मला माहीत आहे, त्यांनी विचारलेलं नाही. मी म्हणते, "माझा नमस्कार सांगा."