नावापुढची चांदणी

माझी मुलगी आठवीत आहे आणि तिला बेसबॉलचं वेड आहे. हे वेड आमच्या घरात कुठून शिरलं देव जाणे. मी आणि बायको तालुक्याच्या गावातल्या एकाच मराठी शाळेत, एकाच वर्गात शिकलो. तिथे बॅट चपटीच असायची आणि चेंडू हरवला की खेळ संपायचा. अमेरिकेत नेपरव्हिलला घर घेतल्यावर शेजाऱ्यांनी पोरीला एक जुना ग्लव्ह दिला, तेव्हापासून आमच्याकडे जेवताना कुणी किती होमरन मारले याखेरीज विषय नाही. होमरन म्हणजे आपला षटकार, एवढं मला कळलं आणि तेवढ्यावरच मी इतकी वर्षं भागवत आलो.

यंदा मार्चमध्ये तिच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आला. ज्या खेळाडूंनी ताकदीची औषधं घेऊन विक्रम केले, त्यांच्या नावापुढे यादीत चांदणी छापावी का? चांदणी म्हणजे छोटीशी खूण, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तिचा खुलासा, की हा गडी इंजेक्शनं घेत होता. मुलीकडे ‘छापावीच’ ही बाजू आली. सरावाला उलट बाजूने भांडणारं कुणीतरी हवं होतं. बायको म्हणाली, “तूच बस. उलट बोलायला तुला मुद्दाम काही शिकवावं लागणार नाही.”

मग दर रविवारी दुपारी आम्ही दोघं डायनिंग टेबलाशी समोरासमोर बसायला लागलो. मी कागदावरून वाचायचो, “प्रत्येक काळ वेगळा असतो. पूर्वी काळ्या खेळाडूंना मैदानात पाऊलसुद्धा टाकू देत नव्हते, मग त्या काळातल्या गोऱ्यांचे विक्रम कुठे धुतल्या तांदळाचे? पुढे व्हिडिओ आले, खांद्याची ऑपरेशनं आली. त्यात एक इंजेक्शन आलं तर काय बिघडलं? आणि घेत तर सगळेच होते.” ती मान डोलवत लिहून घ्यायची. पण मला काही राहवायचं नाही. पाच मिनिटांत कागद बाजूला सारून मी म्हणायचो, “खरं सांगू? हे सगळं बकवास आहे.” ती कपाळाला हात लावायची. “बाबा, यू आर ऑन द अदर साइड.”

काय करणार, वेगवेगळ्या काळांची तुलना हा माझा हातखंडा विषय. मराठी मंडळाच्या कुठल्याही पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी सांगतं, की पुण्याच्या भाचीला दहावीत अठ्ठ्याण्णव टक्के पडले. लगेच आम्ही माझ्या वयाचे सगळे रूपांतराला बसतो. “आमच्या वेळचे अठ्ठ्याऐंशी म्हणजे आजचे शंभर.” “आता काय यार, इंटर्नल मार्क आहेत, बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, खैरात आहे नुसती.” यात सगळ्यात मोठा आवाज माझा, कारण मी शाळेत पहिला आलो होतो. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लाकडी बोर्डावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव लिहिलेलं आहे. दर भारतवारीत मी मुलीला तो बोर्ड दाखवायला नेतो. एकदा तिने टाचा उंचावून माझ्या नावावरून बोट फिरवलं होतं, आणि मला जे काही वाटलं ते मला ग्रीन कार्ड मिळाल्यावरही वाटलं नव्हतं.

बायको दुसरी आली होती. दोन मार्कांनी. बोर्डावर फक्त पहिल्याचं नाव असतं. ते दोन मार्क मी आमच्या लग्नात, बारशात, प्रत्येक नव्या ओळखीत काढलेले आहेत. “आमच्या घरात पहिला नंबर आणि दुसरा नंबर, दोन्ही आहेत,” मी म्हणतो आणि लोक हसतात. तीही हसते, आणि सगळ्यांना चहा विचारायला उठते.

एका रविवारी मुलीने विचारलं, “एक प्लेयर म्हणाला की त्याला ट्रेनरने दिलं आणि त्याला वाटलं ते व्हिटॅमिन आहे. याला काय उत्तर देऊ?”

“म्हणे व्हिटॅमिन,” मी म्हणालो. “दंड फुगले, मान गायब झाली, टोपी बसेना, तरी याला वाटलं व्हिटॅमिन. शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?”

तिने ते शब्दशः उतरवून घेतलं. मी पाणी प्यायला उठलो आणि ग्लास न भरताच विसळून ठेवला.

कारण मलाही एकदा व्हिटॅमिन मिळालं होतं. दहावीच्या गणिताच्या आधी ट्यूशनच्या सरांनी मला सगळे गेल्यावर थांबवून घेतलं आणि चार घड्या घातलेली झेरॉक्स हातात ठेवली. “अंदाज आहे. फक्त तुला देतोय. कुणाला दाखवू नकोस.” अंदाजाचे पेपर तेव्हा सगळेच वाटायचे, त्यात गैर काही नव्हतं. पण अंदाजात गणिताचा प्रकार येतो, आकडे येत नाहीत. परीक्षेत भूमितीचा पेपर उघडला तर मनोऱ्याची उंची तीच, कोन तोच, वर्तुळाची त्रिज्या तीच. पहिलं गणित सोडवताना मी दोनदा पर्यवेक्षकाकडे बघितलं. दुसऱ्याला बघितलं नाही. सर फार अनुभवी आहेत, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तेव्हापासून इतक्या वेळा सांगितलं की मला ते पटलंसुद्धा.

स्पर्धा शनिवारी होती. सकाळी बायको पोहे परतत होती, मी खायला सुरुवात केली होती, आणि मुलगी फ्रिजला टेकून भाषणाचा शेवट म्हणून दाखवत होती. तो तिने आदल्या दिवशी नव्याने लिहिला होता. इंग्रजीत होता, पण मतलब असा: भारतातल्या एका छोट्या गावात, एका शाळेत, लाकडी बोर्डावर माझ्या बाबांचं नाव आहे. त्याच्यापुढे चांदणी नाही, कारण तिची गरज पडली नाही. स्वच्छ विक्रम कसा असतो ते मला माहीत आहे, मी त्याला हात लावून पाहिलाय.

मी चमचा बशीत ठेवला.

“तेवढं काढ,” मी म्हणालो.

“का? इट्स माय बेस्ट लाइन.”

खरंच होती. मला भीती वाटत होती आणि ती साधी भीती होती: ही पोरगी पुन्हा माझ्याकडे त्या नजरेने बघणार नाही. पण ती तीन परीक्षकांसमोर आणि शंभरेक आईबापांसमोर माझ्यासाठी खोटं बोलणार होती, तेही स्वतःला माहीत नसताना. मी सांगून टाकलं. झेरॉक्स, मनोरा, पर्यवेक्षकाकडे बघणं, सगळं. सांगताना मुलीकडे बघवेना म्हणून बायकोच्या पाठीकडे बघत होतो.

बायकोने गॅस बंद केला.

“चार घड्या?” तिने विचारलं.

“हो.”

“निळ्या शाईने वर ‘अंदाज’ लिहिलेलं?”

“तुला काय माहीत?”

ती झारा हातात घेऊन वळली. “फक्त तुला देतोय म्हणाले होते ते मला.”

मग ती स्टुलावर बसली आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसणं थांबल्यावरही थांबेना. “मला अख्खा पेपर माहीत होता,” ती म्हणाली, “आणि तरी तू दोन मार्कांनी पुढे. मला वाटलं, हा काय भयंकर हुशार मुलगा आहे. अरे, मी तुझ्या हुशारीवर भाळून लग्न केलं.”

मला अपमान वाटायला हवा होता. वाटलं ते भलतंच. हलकं वाटलं. म्हणजे दोघांनाही तोच डोस होता, आणि त्यातही मी पुढेच आलो होतो. “बघ,” मी मुलीला म्हणालो, “घेत तर सगळेच होते.” हे वाक्य मी चार रविवार कागदावरून वाचलं होतं आणि दर वेळी हाणून पाडलं होतं. आता ते तोंडातून आपसूक आलं, आणि अगदी मनापासून आलं.

मुलगी रागावली नाही. तिने हातातला भाषणाच्या कार्डांचा गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि विचारलं, “मग थर्ड कोण होतं?”

बायकोने डोळे पुसले. “एक मुलगी होती. दोन वेण्या घालायची. एसटी डेपोच्या मागे राहायची.”

“ट्यूशनला नव्हती ती,” मी म्हणालो.

“तिला कुठली ट्यूशन.”

“नाव काय तिचं?” मुलीने विचारलं.

बायकोने डोळे मिटून बाकांच्या रांगा आठवल्या. मी शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून खालपर्यंत बघितला. त्यात ती नव्हती. नाव आम्हा दोघांनाही आठवलं नाही. मुलीने शेवटचं कार्ड फाडून कचऱ्यात टाकलं आणि ती गाडीत जाऊन बसली.

मला मात्र त्या मुलीचं एक आठवत होतं, आणि ते मी दोघींनाही सांगितलं नाही. निकालाच्या दिवशी ती शाळेच्या पायऱ्यांवर माझ्यापाशी आली होती, वही आणि पेन घेऊन. “गणितात तुझा एकही मार्क गेला नाही,” ती म्हणाली. “अभ्यास कसा केलास ते सांगशील? मला बारावीला उपयोगी पडेल.” मी तिला पहाटे चारला उठण्यापासून सुरुवात करून सगळं वेळापत्रक सांगितलं. ती एकेक ओळ लिहून घेत होती, आणि मधे तिचं पेन अडलं तेव्हा तिचं काही सुटू नये म्हणून मी थांबलोसुद्धा होतो.