सगळ्यात वरचा भोंगा

आमच्या यांच्या कानांची साऱ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, ख्याती होती. हे म्हणजे प्रशिक, रायपूरबाहेरच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर. विहारातला माईक किंचाळायला लागला की बोलावणं यांनाच यायचं. शेजारणीचा मिक्सर आता किती दिवसांचा सोबती, हे भिंतीपलीकडून सांगायचे. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, एवढे तिखट कान असलेला माणूस बायकोचंही ऐकत असेल. असो.

आमच्या पुढच्या खोलीत सोफा नाही. तिथे दोन स्पीकर उभे आहेत, माझ्या खांद्याएवढे उंच. एकेकात खाली मोठा गोल स्पीकर, त्यावर लाकडी भोंगा आणि सगळ्यात वर मुठीएवढा छोटा भोंगा. बंद पडलेल्या टॉकीजचा माल जमवून यांनी ते उभे केले. असले भोंगे फार चपळ असतात. एवढासा करंट दिला तरी गल्ली जागी करतात.

गाण्यातला कोणता आवाज कोणाला द्यायचा, हे ठरवायला मध्ये एक चपटा डबा बसवला आहे. त्याला डीएसपी म्हणतात. ‘आपल्या घरी डीएसपी येऊन राहिला,’ असं यांनी सांगितलं तेव्हा मी पोलीस समजून पोहे भिजवले होते. ढोलकी खाली, गळा मधे, झांजा सगळ्यात वर, अशी वाटणी लॅपटॉपवर रेषा ओढून करायची. वरचा भोंगा मुळातच जोरकस, म्हणून त्याची रेषा खाली दाबून ठेवावी लागते. नाहीतर आवाज कानात खिळ्यासारखा घुसतो. हे मला यांनीच शिकवलं.

गेल्या वर्षापासून तीच रेषा वर चढायला लागली.

रविवारी सकाळी वंदना झाली की हे लॅपटॉप घेऊन बसायचे. “झांज दबून राहिली, मोनाली,” म्हणायचे आणि रेषा थोडी वर. पुढच्या रविवारी आणखी थोडी. मित्र ऐकायला यायचे, ‘एकदम मस्त, भाऊ’ म्हणायचे आणि चहाचा कप घेऊन हळूच ओट्यावर जाऊन बसायचे. बाहेरून जास्त चांगलं वाटते म्हणे. यांना आवाजातलं कुणी काही सांगायचं, अशी आमच्याकडे रीतच नव्हती. मीही भाजी जळेल म्हणून स्वयंपाकघरात पळायचे. कॉलेजात जाणारी आमची पोट्टी निवेदिता कानात कापसाचे बोळे घालून वर ओढणी गुंडाळायची. यांना वाटायचं, हिला सर्दी आहे.

मग एका संध्याकाळी हे फाटक्या बाहीचा शर्ट घालून घरी आले.

“काय झालं जी?”

“बंडूनं आज जीव घेतला असता माझा! शिटी न वाजवता क्रेन फिरवली त्यानं. डोक्यावर लोखंड लटकून राहिलं अन् मले पत्ताच नाही. अश्विननं बाही धरून ओढलं म्हनून वाचलो. म्या सायबाले सांगितलं. घरी बसवलं बंडूले.”

मी बंडूला दोन शिव्या हासडल्या आणि बाही शिवून दिली.

दोनेक दिवसांनी गोल बाजारात कढई घेत होते, तर अश्विन भेटला. यांच्याच खात्यातला, आमच्या घरचाच म्हणावा असा. मी त्याचे आभार मानायला लागले. तो खाली बघत राहिला.

“वहिनी, खरं सांगू काय? शिटी वाजली होती. म्या ऐकली, साऱ्यायनं ऐकली. बारीक आवाजाची आहे ते. भाऊलेच नाही ऐकू आली.”

“मग सांगितलं काहून नाही त्यांना?”

“भाऊले कोन सांगंन, वहिनी?”

मी कढई तिथेच ठेवून घरी आले. रेषा दर रविवारी का चढत होती, ते मला बाजारातच कळलं होतं. मिलच्या धडधडाटानं यांचे कान आतून झिजले होते.

त्यानंतर मी भीतीतच वावरले. हे जेवणाचा डबा घेऊन निघाले की मी वळणापर्यंत त्यांच्याकडे बघत राहायचे. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. शिट्टी रोज वाजणार होती आणि अश्विन काही रोज बाहीजवळ नसणार. सांगायला तोंड उघडलं की यांचा चेहरा दिसायचा. ज्या कानांवर माणूस आयुष्यभर मान ताठ ठेवून चालला, ते गेले असं बायकोनं कसं सांगायचं? शिवाय मनात एक वेडी आशा होती. अश्विनचीच काही चूक झाली असेल, शिट्टी खरंच वाजली नसेल.

शनिवारी मी निवेदिताला गाठलं.

“तो सगळ्यात वरचा भोंगा डब्यातून बंद करता येते काय?”

“हाँ मम्मी, लैपटॉप से म्यूट हो जाएगा. पर पप्पा को तो तुरंत पता चल जाएगा.”

“लागू दे पत्ता. चिडले तर मी साऱ्या पाऱ्यात पेढे वाटीन.”

रविवारी वंदना झाली. निवेदितानं दोन्हीकडचे छोटे भोंगे बंद केले आणि यांचं आवडतं भीमगीत लावलं. मला पहिल्याच ओळीला कळलं. झांजा नाहीशा झाल्या, गळ्यावर कुणी गोधडी टाकल्यासारखं झालं. मी यांच्याकडे बघत होते. ओरडा, मी मनात म्हणत होते, माझ्या मशीनला कुणी हात लावला म्हणून ओरडा.

यांनी डोळे मिटले. मान डोलवली.

“मागच्या रविवारी होतं तसंच आहे,” हे म्हणाले. “झांज अजून थोडी दबूनच राहिली.”

निवेदितानं तोंडावर हात धरला.

“अहो, वरचा भोंगा बंद आहे,” मी म्हटलं. “दोन्ही बंद आहेत.”

हे हसले. “मजाक करून राहिली काय?” उठून त्यांनी एका छोट्या भोंग्याला कान लावला, मग दुसऱ्याला. परत पहिल्याला लावला. हसू कधी गेलं कळलं नाही.

“चालू कर,” निवेदिताला म्हणाले.

“आधी मागे सरका,” मी ओरडले. उरलंसुरलं तरी वाचावं एवढंच डोक्यात होतं. हे मागे सरकले. निवेदितानं बटण दाबलं.

झांज कानात घुसली. माझे खांदे आपोआप वर गेले, निवेदितानं दोन्ही कान झाकले. हे स्पीकरकडे बघतच नव्हते. आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होते.

“चालू झालं काय?” त्यांनी विचारलं.

निवेदितानं कान झाकूनच मान डोलावली. त्यांनी स्वतःच गाणं बंद केलं आणि खाली जमिनीवर बसले. मी शेजारी बसले.

“मले भेव वाटून राहिलं, मोनाली.”

“मलेही वाटते. रोज वाटते. उद्यापासून त्या क्रेनखाली जाऊ नका, जी.”

“नाही जात. सायबाले सांगतो सारं.” मग त्यांनी शर्टाच्या बाहीवर मी घातलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं. “म्हनजे बंडूनं शिटी वाजवली होती.”

“हव,” मी म्हटलं.

ते उठले, दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.

“कुठे चालले?”

“बंडूच्या घरी. माफी मागतो त्याले.” उंबऱ्यावर ते थांबले. “तू संगं चाल. तो हळू बोलते. काय म्हनते ते मले सांगजो.”

मी गॅस बंद करून त्यांच्यासोबत निघाले.