लांब नेऊन सोडू

मंडळी, आज घरात कुणी नीट जेवलेलं नाही.

सकाळी इथे परदेशात, आमच्या अर्विंग शहरातल्या घरामागे रानडुकराचं पिल्लू कुंपणात अडकलं होतं. नागपूरला उंदीर सापडला की आम्ही पिंजऱ्यासकट लांब नेऊन सोडायचो. त्याच सवयीने मी म्हणाले, "लांब नेऊन सोडू." कुत्र्याच्या क्रेटमध्ये घालून निघालो. माझी लेक सई वाटभर त्याच्याशी बोलत होती.

तळ्याजवळ गेम वॉर्डनने, म्हणजे इथल्या वन्यजीव अधिकाऱ्याने, थांबवलं. रानडुक्कर जिवंत पकडून दुसरीकडे सोडायला इथे बंदी आहे. त्यांचे रोग फार्मवरच्या डुकरांना, गुरांना लागतात. "मग घरामागेच परत सोडते," मी म्हणाले. एकदा पकडलं की तेही चालणार नव्हतं. बिचारा चांगला माणूस होता, दंड केला नाही. क्रेट मात्र पिल्लासकट घेऊन गेला. पिल्लाचं पुढे काय होणार, हे मी उगाच विचारलं. मारावं लागतं, म्हणाला.

नियम पटतो हो. पण मी त्याला कुंपणातून काढून तिथेच ठेवलं असतं तर?

आत्ता त्याची आई कुंपणापाशी हुंगत फिरतेय. सई खिडकीत उभी आहे. एरवी इंग्लिशमध्येच बोलणारी ही पोरगी हळूच मराठीत म्हणाली, "आई, आपण सोडणार होतो ना?"

तुम्ही काय सांगितलं असतं तिला?