मागे घेतलेली तारीख

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात डॉ. नारायणराव तळगावकर पुरातत्त्व शिकवायला आले आणि पहिल्याच दिवशी मी त्यांचा ओरडा खाल्ला. गुहेतल्या प्राचीन चुलीचा कोळसा मी कौतुकाने हातात घ्यायला गेले होते. "अगं, हात मागे! बोटाचं तेलसुद्धा त्याचं वय बिघडवतं!" मग शेजारी बसून त्यांनी मला चिमट्याने नमुना उचलायला शिकवलं. सरांचं रागावणं हे असं शिकवण्यातच संपतं.

कोकणातल्या एका गुहेत आपल्यासारखी माणसं पहिल्यांदा केव्हा राहिली, हा सरांचा ध्यास. गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षी तिथल्या तळातल्या कोळशाची तारीख प्रयोगशाळेतून आली. ती आमच्या सगळ्यांच्या अपेक्षेहून कितीतरी जुनी होती. आम्ही नाचायचेच बाकी होतो! सांताक्रूझला सत्कार ठरला. मुलुंडला सरांच्या घरी पेढे देताना वहिनी सहज म्हणाल्या, "बरं झालं बाई, पावसाळाभर ती नमुन्यांची पेटी माळ्यावर होती. वाळवी लागायला लागली म्हणून मी रॉकेल शिंपडलं."

सरांनी पेढा खाली ठेवला. "वाट लागली. रॉकेलचा कार्बन फार जुना. तो मुरला की कोळसा आहे त्याहून म्हातारा दिसतो."

"सर, कोणाला कळणार आहे?" आमच्यातले एक सहकारी म्हणाले.

"मला कळलं ना!"

सत्काराला सर उभे राहिले ते तारीख मागे घ्यायलाच. "नमुना घरी ठेवला, ही चूक माझी," एवढंच ते बोलले. वहिनींचं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हा समोर बसलेल्या वहिनीच उठल्या. "रॉकेल मी शिंपडलं. ह्यांना शाल नको, हे आमचं घरीच ठरलंय." टाळ्या थांबेनात. माझे तर डोळे भरून आले.

त्या हिवाळ्यात गुडघे दुखत असतानाही सर पुन्हा गुहेत उतरले आणि त्याच थरातला नवा कोळसा त्यांनी स्वतः काढला. या वेळी तारीख अलीकडची निघाली आणि सर्वांत जुन्या वस्तीचा मान गेला. आज मात्र परदेशातले अभ्यासक आपल्या तारखा आमच्या गुहेशी ताडून बघतात. या माणसाची मी विद्यार्थिनी आहे, हे मी कुठेही ताठ मानेने सांगते.

सरांनी साठी गाठली आहे. त्यांना आणि वहिनींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुहेत आणखी खाली एक थर शिल्लक आहे. त्याचं वय कितीही निघो, सरांनी सांगितलं म्हणजे आम्ही ते डोळे मिटून मानू.