बिनतुपाचा भात

जुईच्या छातीतल्या नळीतून बाटलीत उतरणारं पाणी त्या सकाळी दुधासारखं पांढरं दिसलं. माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या हृदयातला जन्मजात दोष ऑपरेशनने नुकताच दुरुस्त झाला होता, आणि आता हे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अन्नातली चरबी वाहून नेणारी एक बारीक वाहिनी दुखावली आहे. तो रस छातीत झिरपतोय. तूप, तेल, दूध सगळं बंद करा. तरीही थांबलं नाही, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

दुपारी मी वरणाच्या पाण्यात भात कालवून तिला भरवू लागले.

"आई, एक थेंब तूप घाल ना."

"नाही गं बाळा."

"मी काय केलं?"

तिला ती शिक्षा वाटली. आमच्याकडे माया वाढतात ती चमच्याने, समोरचा नको नको म्हणेपर्यंत. न वाढण्यातही माया असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अकरा दिवस मी ते शिकत होते आणि फार दमले होते. बाटलीकडे सारखी बघायचे, तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायचे.

शेवटी झिरपणं थांबलं, आणि बाराव्या दिवशी सिस्टरांनी नळी काढली. पथ्य अजून काही आठवडे होतंच.

जुईने विचारलं, "आता कुशीवर झोपू?"

"झोप."

ती हळूच माझ्याकडे वळली. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसतं खाटेच्या कठड्यावर डोकं टेकलं. तिने माझ्या केसांत बोटं घातली आणि म्हणाली, "तू पण झोप."