दाजींची रांग

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फौजेतून निवृत्त होऊन कराडजवळच्या गावी आले आणि पन्नाशीला टेकल्यावर प्रोग्रॅमिंग शिकले. माझ्याकडूनच शिकले, तेव्हा कसे शिकले ते विचारू नका. गावच्या पाणी योजनेसाठी त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ज्याच्या उसाला पाण्याची पाळी आली, त्याच्या फोनवर मेसेज जायचा. बास, एवढंच. पण पाळीवरून होणारी भांडणं थांबली.

त्या कोडची एक खोड होती. प्रत्येक ओळीत डावीकडे शेतकऱ्याचं नाव, मध्ये बरोबरचं (=) चिन्ह, उजवीकडे फोन नंबर. नावं लहानमोठी; पण दाजी स्पेस मारमारून सगळी चिन्हं एकाखाली एक आणायचे. मी ज्यात कोड लिहितो त्या सॉफ्टवेअरला, म्हणजे माझ्या एडिटरला, असल्या जादा स्पेस खपत नाहीत. फाइल सेव्ह केली, की तो आपणहून सगळं नियमात बसवतो. ऑफिसात ही सोय मीच सगळ्यांच्या गळ्यात मारलेली. मोठ्या कौतुकानं दाजींना दाखवली, तर म्हणाले, "पावणं, ह्यो एडिटर न्हाई, न्हावी हाय. विचारायच्या आधीच मशीन फिरवतोय."

"दाजी, कॉम्प्युटरला रांगेशी काय देणंघेणं?"

"त्याला नसंल. मला हाय."

दिवाळीनंतर दाजी गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखाना गाठायच्या आत संपलं.

उन्हाळ्यात बहीण सांगलीला माझ्याकडे आली. पिशवीत त्यांचा फोन होता. "ह्यो कपाटात बंद पडला, आन पाण्याची पाळी चुकली. ऊस वाळाय लागलाय, दादा. मेसेज माझ्या फोनवर येईल असं कर."

काम दोन मिनिटांचं. त्यांची फाइल माझ्या एडिटरमध्ये उघडून मी दाजींची ओळ शोधली, त्यांचं नाव खोडून बहिणीचं घातलं, नंबर बदलला आणि सेव्ह दाबलं. लोडशेडिंगनं आमच्या पिढीवर हा एकच पक्का संस्कार केलाय. लाइट कधी जाईल नेम नाही, तेव्हा दर ओळीनंतर सेव्ह. डोकं जागं व्हायच्या आत बोटं आपलं काम करून मोकळी.

पडद्यावरची रांग मोडली. चिन्हं नावांना जाऊन चिकटली, कुणी पुढं, कुणी मागं.

बहिणीला कोड वाचता येत नाही. पण चहा घेऊन गेली की ती त्यांच्या खुर्चीमागं उभी राहायची. ती बघतच राहिली. "हे त्यांचं न्हाई. तू दुसरंच काय तरी उघडलंस."

"तेच आहे गं. आतलं काही गेलं नाही. नुसत्या मोकळ्या जागा गेल्या."

"मग त्यांचं काय राह्यलं?"

केलेलं सगळं मी एकेक करून मागं फिरवलं. रांग पुन्हा उभी राहिली, आणि रांगेत दाजींचं नावही परत आलं. मी ते पुन्हा खोडायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे ते. माझं खाली घाल."

"मेसेज दोन्ही फोनवर जाईल मग."

"जाऊ दे."

दुरुस्तीची ती सोय बंद कशी करायची, हे मला, ती लादणाऱ्यालाच, शोधत बसावं लागलं. मग नवीन अडचण. बहिणीचं नाव सगळ्यात लांब. तिचं चिन्ह रांगेबाहेर.

"तुझ्या एकटीसाठी अख्खा गाव सरकवायचा का?" मी तिला हसवायला म्हणालो.

"ते असते तर सरकवला असता," ती म्हणाली. हसली नाही. कीबोर्ड स्वतःकडे ओढून एकेका ओळीवर स्पेस मारत बसली. डोळे पुसायला तेवढी थांबायची. शेवटी विचारलं, "सरळ झाली?"

"झाली." मी सेव्ह केलं. या वेळी कुणी हललं नाही.

पुढच्या पाळीला तिचा फोन आला. "पाणी आलं, दादा. उसात सोडलं."

"मेसेज आला ना?"

"दोन्ही वाजले. त्यांचा आधी वाजला."

त्यांची ओळ वर, तिची खाली. प्रोग्रॅम वरून खाली चालतो. त्यात नवल काही नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "त्यांचा चार्जिंगलाच असतो आता."